घटस्फोट, मुलांचा ताबा आणि न्यायालय

दिवाणी न्यायालयापुढे येणारे बहुतेक वाद एखाद्या वस्तूविषयीचे असतात. शेताचा बांध कोणी सरकवला, उसने घेतलेले पैसे परत केले की नाही, वडिलोपार्जित घराच्या वाटण्या कशा व्हावयाच्या, असे प्रश्न तेथे सोडविले जातात. वाद दहा वर्षे चालला तरी शेत जागच्या जागी राहते. ज्याच्या बाजूने निकाल लागेल त्याच्या हाती ते, उशिराने का होईना, येते. पतिपत्नींच्या वादात मुलाचा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे मात्र परिस्थिती निराळी होते. वादाचा विषय असलेले मूल हे स्वतः एक माणूस असते, आणि वाद चालू असतानाच ते वाढत असते. अर्ज दाखल झाला तेव्हा जे मूल बोबडे बोलत होते, ते निकालाच्या दिवशी तिसऱ्या इयत्तेत बसलेले असते. अशा वादाचा निर्णय न्यायालये कशी करतात, हा केवळ वकिलांच्या अभ्यासाचा विषय नव्हे.

घटस्फोट आणि मुलाचा ताबा हे दोन प्रश्न सामान्यतः एकाच न्यायालयात, त्याच दोन पक्षकारांमध्ये आणि पुष्कळदा एकाच वेळी चालतात. त्यामुळे ते एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे. घटस्फोटाच्या अर्जाचा निर्णय करताना न्यायाधीशाला मागे वळून पाहावे लागते: या दोघांच्या संसारात काय घडले, कोणी कोणास कसे वागविले, घर कोणी व का सोडले? ताब्याचा निर्णय करताना त्याला पुढे पाहावे लागते: हे मूल उद्या कोठे राहील, त्याला कोण जेवू घालील, त्याचा अभ्यास कोण घेईल, ते कोणाच्या सोबतीत निर्धास्त असेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर साक्षीपुराव्याने देता येते. दुसऱ्याचे उत्तर देताना पुराव्याला अनुमानाची जोड द्यावी लागते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे मूल हे एका पक्षाला मिळणारे बक्षीस किंवा दुसऱ्याला दिलेली शिक्षा ठरते. ही गल्लत टाळण्याचा कायद्याने कसा प्रयत्न केला आणि तो कोठे अपुरा पडतो, हे पाहणे हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

प्रारंभी काही शब्दांचे अर्थ स्पष्ट केले पाहिजेत. 'पालकत्व' म्हणजे अज्ञान मुलाच्या शरीराची व मालमत्तेची कायदेशीर जबाबदारी. त्याच्या वतीने करार करणे, बँकेत खाते उघडणे, त्याच्या शिक्षणाविषयी निर्णय घेणे हे पालकाचे काम. 'ताबा' म्हणजे मुलाचा रोजचा सांभाळ. ते कोणाच्या घरी उठते, जेवते, झोपते ही गोष्ट. तिसरा आहे 'भेटीचा हक्क', म्हणजे ज्याच्याकडे ताबा नाही त्याने मुलाला भेटण्याची सोय. एकाच मुलाच्या बाबतीत या तीन गोष्टी वेगवेगळ्या व्यक्तींकडे असू शकतात. 'ताबा' हा शब्द घर आणि जमीन यांच्या संबंधातही वापरला जातो, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलाकडे मालमत्ता म्हणून पाहणारी जुनी दृष्टी कायद्याने सोडून दिली असली, तरी तिची खूण भाषेत शिल्लक आहे.

प्रथम घटस्फोटाच्या कायद्याचा विचार करू. हिंदू धर्मशास्त्राने विवाह हा संस्कार मानला व तो अतूट ठरविला. तथापि अनेक जातींमध्ये काडीमोड आणि पाट यांसारख्या रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या होत्या. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंना घटस्फोटाची मुभा देणारा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने ती सर्व देशभर लागू झाली. जेथे रूढीने घटस्फोट मान्य होता, तेथे तो त्या अधिनियमाने तसाच राखून ठेवला. पारशी समाजासाठी १९३६ चा, मुस्लिम स्त्रियांसाठी १९३९ चा, ख्रिस्ती समाजासाठी १८६९ चा आणि नोंदणी पद्धतीने विवाह करणाऱ्यांसाठी १९५४ चा अधिनियम आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील दिवाणी कायदा व १९१० चा घटस्फोटविषयक हुकूम यांचा वारसा चालू राहिला. उत्तराखंडात २०२५ पासून समान नागरी संहिता अमलात आली आहे.

यांपैकी बहुतेक कायद्यांचा मूळ पाया 'दोष' हा होता. एकाने अपराध करावा, दुसऱ्याने तो सिद्ध करावा आणि मग न्यायालयाने बंधन तोडावे, अशी ती रचना होती. हिंदू विवाह अधिनियमात आरंभी क्रूरता व परित्याग ही केवळ न्यायिक फारकतीची कारणे होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाचीही कारणे झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या एका दांपत्याच्या वादात महत्त्वाचा निवाडा दिला होता. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात असे स्पष्ट केले की, वैवाहिक वाद हे फौजदारी खटले नव्हेत. तेथे आरोप संशयातीत सिद्ध करण्याची आवश्यकता नसून कोणती बाजू अधिक संभवनीय आहे हे पाहणे पुरेसे असते. क्रूरता झाली किंवा नाही हे ठरविताना कोणा आदर्श पतिपत्नींचा विचार न करता समोर उभ्या असलेल्या दोन माणसांचा विचार करावा, हेही त्या निवाड्याने सांगितले.

पुराव्याचे प्रमाण असे सौम्य झाले, तरी दोषाच्या चौकशीचा एक परिणाम टळत नाही. ज्याला दोष सिद्ध करावयाचा आहे, तो दोष गोळा करू लागतो. जुनी पत्रे बाहेर निघतात, शेजारी व आप्त साक्षीला उभे राहतात, उलटतपासणीत घरातली प्रत्येक कुरबूर चव्हाट्यावर येते. पुढे अनेक वर्षे एकाच मुलाचे आईबाप म्हणून ज्यांना एकमेकांशी बोलावे लागणार आहे, त्या दोघांना न्यायालयाची पद्धतीच अशा रीतीने एकमेकांचे शत्रू बनविते. हा दोष ओळखूनच १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची वाट मोकळी केली. किमान एक वर्ष विभक्त राहिलेल्या पतिपत्नींनी संयुक्त अर्ज करावा, सहा महिने थांबावे आणि त्यानंतरही विचार कायम असल्यास हुकूमनामा घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य प्रकरणी हा सहा महिन्यांचा काळ माफ करता येईल असे म्हटले. परंतु त्यासाठी घातलेल्या अटींमध्ये, पोटगीप्रमाणेच मुलाच्या ताब्याविषयीचा वादही उभयतांनी खरोखर मिटविलेला असावा, ही एक अट होती.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे, विवाह पुन्हा न जुळण्याइतका मोडलेला असेल तर दोष कोणाचा हे न पाहता तो संपुष्टात आणणे. विधी आयोगाने १९७८ मध्ये आपल्या ७१ व्या अहवालात अशी शिफारस केली होती. संसदेने ती अद्याप हिंदू विवाह अधिनियमात समाविष्ट केलेली नाही. मात्र २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील आपल्या विशेष अधिकारात ते न्यायालय या कारणावरून विवाह विसर्जित करू शकते. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या न्यायाधीशाला तो नाही. एकंदरीत घटस्फोटाचा कायदा दोषाकडून वस्तुस्थितीकडे सरकत आहे, पण सावकाश.

मुलांच्या ताब्याच्या कायद्याचा प्रवास याहून निराळ्या मार्गाने झाला. तेथे आरंभीचा प्रश्न दोषाचा नव्हता, हक्काचा होता. आणि तो हक्क पित्याचा होता. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात पित्याच्या हयातीत आईला मुलांवर जवळजवळ काहीच अधिकार नसे. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे पतीने तिच्यापासून दूर नेले, तेव्हा तिने या अन्यायाविरुद्ध लेखणी उचलली. तिच्या चळवळीमुळे १८३९ मध्ये झालेल्या कायद्याने आईला सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्याची संधी प्रथमच मिळाली. तरीही आईची योग्यता न्यायालय आपल्या तराजूत तोलीत असे. अ‍ॅनी बेझंट यांच्याकडून त्यांच्या मुलीचा ताबा १८७८ मध्ये काढून घेण्यात आला. त्यांचा निरीश्वरवाद आणि संततिनियमनावरील पुस्तिकेच्या प्रकाशनात त्यांनी घेतलेला भाग ही त्याची कारणे होती. आई म्हणून त्यांनी मुलीची हेळसांड केली असे न्यायालयाचे म्हणणे नव्हते. त्यांच्या मतांचा दंड त्यांच्या मातृत्वाला भरावा लागला.

योगायोग असा की, त्याच अ‍ॅनी बेझंट पुढे भारतात मुलांच्या पालकत्वाच्या एका गाजलेल्या खटल्यात प्रतिवादी म्हणून उभ्या राहिल्या. पुढे तत्त्वचिंतक म्हणून जगप्रसिद्ध झालेले जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचे धाकटे बंधू नित्यानंद यांचे पालकत्व त्यांच्या पित्याने, नारायणय्या यांनी, १९१० मध्ये बेझंटबाईंकडे सोपविले होते. दोन वर्षांनी त्यांनी आपली संमती मागे घेतली व मुले परत मिळावीत म्हणून दावा लावला. त्या वेळी थोरला मुलगा सतरा व धाकटा चौदा वर्षांचा असून दोघेही इंग्लंडमध्ये होते. १९१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयात पित्याच्या बाजूने निकाल झाला. परंतु १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. मुले जेथे राहत नव्हती तेथील न्यायालयाला या प्रकरणी अधिकार नव्हता, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे: मुलांच्या भवितव्याचा निर्णय झाला, पण मुलांची इच्छा काय आहे हे जाणून घेण्याचा प्रयत्न झाला नव्हता. आपले पालकत्व पित्याला कायमचे देऊन टाकता येत नाही, हेही तत्त्व त्या निवाड्याने मान्य केले. पण पित्याचा अधिकार हा एक विश्वस्ताचा अधिकार आहे, अशी त्यामागची भूमिका होती. विश्वस्ताला मालकासारखे वागता येत नाही.

या खटल्याचा निर्णय ज्या कायद्याच्या आधारे झाला तो १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आजही अमलात आहे. त्याच्या १७ व्या कलमात मुलाचे हित ठरविताना काय पाहावे याची यादी आहे: मुलाचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व कुवत, त्याचे मुलाशी असलेले नाते, आणि मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर त्याची पसंती. मात्र त्याच अधिनियमाचे १९ वे कलम असे होते की, पिता हयात असून तो अपात्र नसेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमूच नये. एका कलमात मुलाचे हित आणि दुसऱ्यात पित्याचा हक्क, अशी ही दुहेरी रचना होती. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातही तोच ताण दिसतो. त्याच्या ६ व्या कलमात पिता, व त्याच्या 'नंतर' माता, हे नैसर्गिक पालक सांगितले आहेत आणि पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असे म्हटले आहे. तर १३ व्या कलमात मुलाचे हित हाच सर्वोपरी विचार ठरविला आहे.

हा ताण न्यायालयांनी हळूहळू हिताच्या बाजूने सोडविला. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत व खेळणीही नव्हेत, असे बजावले आणि आईबापांच्या हक्कांपेक्षा मुलाच्या हिताला निर्णायक स्थान दिले. विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या अहवालात पालकत्वाच्या बाबतीत स्त्रियांना मिळणाऱ्या दुजाभावावर बोट ठेवले. पुढे १९९९ मध्ये कादंबरीकार गीता हरिहरन यांच्या याचिकेवर निर्णय झाला. त्यांनी आपल्या मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी पालक या नात्याने सही केली होती, आणि बँकेने पित्याच्या सहीची मागणी केली होती. त्याचबरोबर ऐकल्या गेलेल्या दुसऱ्या याचिकेत घटस्फोटाचा वाद चालू असलेला पिता, आपणच मुलाचा एकमेव नैसर्गिक पालक आहोत असे शाळेला लिहून कळवीत होता. न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतर' एवढाच न घेता 'पित्याच्या अनुपस्थितीत' असा घेतला. प्रत्यक्ष सांभाळ करण्यात पिता नसेल तर आई ही पालकच होय. २०१० च्या दुरुस्तीने १८९० च्या अधिनियमाच्या १९ व्या कलमात पित्याबरोबर आईचाही समावेश झाला. मुस्लिम कायद्यात लहान मुलांच्या संगोपनाचा आईचा हक्क 'हिजानत' या नावाने पूर्वीपासून मान्य आहे. हनफी पंथानुसार तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत व मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत असतो. तेथेही वाद न्यायालयात आला म्हणजे हिताची कसोटी लावलीच जाते.

परंतु हित म्हणजे काय? तत्त्व सांगणे सोपे आहे. विशिष्ट मुलाच्या बाबतीत ते लावणे अवघड आहे. अधिक श्रीमंत घर म्हणजे अधिक हित, असे न्यायालये मानीत नाहीत. कारण कमावत्या पालकाला मुलाच्या खर्चासाठी रक्कम देण्याचा आदेश करता येतो. आई नोकरी करते म्हणून ती अपात्र ठरत नाही, आणि बाप पुरुष आहे म्हणून त्याला मूल वाढवता येणार नाही असेही गृहीत धरता येत नाही. आतापर्यंत मुलाला न्हाऊमाखू कोणी घातले, आजारपणात रात्री कोण जागले, भावंडे एकत्र राहतील काय, शाळा बदलावी लागेल काय, घरात आजीआजोबांचा आधार आहे काय, अशा साध्या गोष्टींना येथे मोठे वजन असते. पती म्हणून किंवा पत्नी म्हणून एखादी व्यक्ती चुकली असेल. तेवढ्यावरून ती पिता किंवा माता म्हणून अयोग्य ठरत नाही. मागे पाहणाऱ्या न्यायाची मर्यादा ती हीच. तथापि जेथे घरात मारहाण होत होती, तेथे भूतकाळ हाच भविष्याविषयीचा पुरावा असतो. म्हणूनच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक अधिनियमाने पीडित स्त्रीला मुलांचा तात्पुरता ताबा देण्याचा, आणि भेटीमुळे मुलाला अपाय होणार असेल तर भेट नाकारण्याचाही अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे.

मुलाच्या इच्छेचा प्रश्न याहून नाजूक आहे. न्यायाधीश मुलाशी सामान्यतः आपल्या दालनात, आईबापांना बाहेर ठेवून बोलतात. मुलाने दोघांपैकी एकाची निवड करावी, अशी अपेक्षा त्यात नसते व नसावी. तसे विचारणे म्हणजे त्या कोवळ्या मनावर न्यायाधीशाचे ओझे टाकणे होय. शाळा, मित्र, दिवसाचा क्रम यांविषयीच्या गप्पांतून बरेच कळते. सहा वर्षांचे मूल जेव्हा अर्जातील शब्दांत बोलू लागते, तेव्हा ते शब्द कोणाचे आहेत हे अनुभवी न्यायाधीशाच्या ध्यानात येते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या, बालकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मुलाचे म्हणणे ऐकले जाणे हा त्याचा हक्क आहे. मात्र ऐकणे म्हणजे त्याप्रमाणेच निर्णय देणे नव्हे.

असे काम नेहमीच्या दिवाणी न्यायालयाच्या वातावरणात नीट होणार नाही, ही जाणीव स्वातंत्र्यानंतर लवकरच झाली होती. दुर्गाबाई देशमुख यांनी १९५३ मध्ये चीनमधील कुटुंब न्यायालये पाहिली आणि परत आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छगला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी, तसेच पंडित नेहरूंशी या विषयाची चर्चा केली. विधी आयोगाने १९७४ च्या ५९ व्या अहवालात या वादांसाठी निराळी कार्यपद्धती असावी असे सुचविले, आणि १९८४ मध्ये कुटुंब न्यायालय अधिनियम संमत झाला. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत अशी न्यायालये स्थापन करण्याचे बंधन त्याने राज्य सरकारांवर घातले. पुणे व मुंबई येथे ती १९८९ मध्ये सुरू झाली. समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कर्तव्य आहे; पक्षकाराच्या इच्छेनुसार सुनावणी बंद दाराआड होते; पुराव्याचे नियम सैल आहेत; वकील देणे हा पक्षकाराचा हक्क समजला जात नाही. न्यायाधीशाच्या मदतीला समुपदेशक असतात. ते दोन्ही घरांची पाहणी करू शकतात आणि आईबापांशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. पुढे पाहणाऱ्या न्यायासाठी लागणारे डोळे न्यायाधीशाला मिळावेत, हा या रचनेमागील हेतू आहे.

ताबा एकाकडे दिला म्हणजे दुसऱ्याचे नाते संपत नाही. समजा, विभक्त झाल्यावर आई मुलीला घेऊन नागपूरला माहेरी राहते आणि बाप पुण्याला नोकरी करतो. न्यायालयाच्या आदेशात मग बारीकसारीक तपशील येतात: महिन्यातून कोणत्या शनिवारी-रविवारी भेट व्हावी, दिवाळीची व मे महिन्याची सुटी कशी वाटून घ्यावी, वाढदिवशी काय करावे, प्रवासाचा खर्च कोणी सोसावा. २०२० मधील एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने, मुलाला दोघांच्याही प्रेमाचा लाभ मिळाला पाहिजे असे सांगून, दूर राहणाऱ्या पालकाला दूरध्वनी व व्हिडिओ यांद्वारे बोलू देण्यावर भर दिला. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात योग्य प्रकरणी संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात स्पष्टपणे असावा अशी शिफारस केली. ही व्यवस्था चांगली चालण्यासाठी दोघांमध्ये किमान बोलण्याइतका सलोखा हवा. तो नसेल तर दोन घरांत वाटलेले मूल दोन छावण्यांमधील निरोप्या बनते.

आता या सर्व व्यवस्थेतील सर्वांत मोठ्या उणिवेकडे वळले पाहिजे. ती उणीव विलंबाची होय. हिंदू विवाह अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली, मुख्य अर्ज चालू असतानाच न्यायालय मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी अंतरिम आदेश करू शकते. २००१ च्या दुरुस्तीने त्यांपैकी पालनपोषण व शिक्षण यांविषयीचे अर्ज, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून साठ दिवसांत निकालात काढावेत असे सांगितले. ताब्याचा उल्लेख त्या मुदतीत नाही. खर्चाचा प्रश्न तातडीचा आणि मूल कोणापाशी राहील हा प्रश्न त्यामानाने सवडीचा, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही. तीन वर्षांचे मूल अंतरिम आदेशाने, किंवा कोणत्याही आदेशाविना, एका घरी राहिले आणि अंतिम निर्णयाला चार वर्षे लागली, तर सातव्या वर्षी न्यायालयापुढे काय उरते? मूल त्या घरात रुळलेले असते. तेथून त्याला हलविणे हेच अहितकारक ठरते. निर्णय न्यायाधीश देतो असे दिसते, पण प्रत्यक्षात तो दिनदर्शिकेने केलेला असतो. ज्याच्या हाती मूल आहे त्याला तारखा वाढविण्यात लाभ आहे, हे चतुर पक्षकाराला लवकर कळते.

या लबाडीला पायबंद घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणी मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून बापाकडे होती आणि आईशी तिचा संबंध जवळजवळ तुटला होता. एकाकडे दीर्घकाळ राहिल्यामुळे दुसऱ्याविषयी मुलाच्या मनात परकेपणा, किंबहुना तिरस्कार, भरविला जाऊ शकतो हे लक्षात घेऊन न्यायालयाने उच्च न्यायालयाने आईकडे दिलेला ताबा कायम केला. पण असा निर्णय अमलात आणणे हेही एक दुःखदायक कर्म असते. घराचा ताबा बेलिफ मिळवून देऊ शकतो. रडणाऱ्या मुलाचा हात एका हातातून सोडवून दुसऱ्या हाती देण्याची कोणतीही रीत कायद्याच्या पुस्तकात नाही. सरहद्दीपलीकडचे वाद तर आणखीच बिकट होतात. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांत एक पालक मुलाला घेऊन मायदेशी येतो आणि दोन देशांची न्यायालये परस्परविरोधी आदेश देतात. अशा मुलांना परत पाठविण्याविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. त्यामुळे येथील न्यायालये परदेशी आदेशाचा मान राखूनही अखेर मुलाचे हित स्वतंत्रपणे तपासतात.

एका बाबतीत मात्र कायद्याने या प्रश्नाचे वेगळेपण नेमके ओळखले आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा अंतिम असतो. अपिलाची मुदत संपली की तो विषय मिटतो. ताब्याचा आदेश कधीच तसा अंतिम नसतो. मूल मोठे झाले, पालकाची परिस्थिती पालटली, बदली झाली, पुनर्विवाह झाला, तर तोच आदेश पुन्हा तपासता येतो. न्यायालय येथे आपल्या अनुमानाची मर्यादा प्रामाणिकपणे मान्य करते.

या विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. घटस्फोटाच्या वादात कोण जिंकतो याची वाट न पाहता मुलाचा प्रश्न प्रथम, स्वतंत्रपणे आणि ठरावीक मुदतीत हाती घेतला पाहिजे. भेटीची व्यवस्था पहिल्या तारखेपासूनच सुरू झाली पाहिजे, म्हणजे दुसऱ्या पालकाचा चेहरा मूल विसरणार नाही. समुपदेशकांची संख्या व त्यांचे प्रशिक्षण ही न्यायदानाची आवश्यक अंगे आहेत असे समजून त्यांवर खर्च केला पाहिजे. आईबापांनीही हे ओळखले पाहिजे की, त्यांचे पतिपत्नीचे नाते न्यायालय तोडू शकते, पण आईबापाचे नाते तोडणारा हुकूमनामा कोणत्याही न्यायालयापाशी नाही. न्यायाधीश त्या मुलाला अर्धा तास भेटतो. त्याच्यापाशी चांगला कायदा आणि चांगला हेतू असला तरी एवढ्या भेटीवरून त्याला एका आयुष्याची दिशा ठरवावी लागते. जे त्या मुलाला जन्मापासून ओळखतात, त्यांनी आपापसांत समजुतीने घेतलेला निर्णय बहुधा अधिक टिकाऊ असतो. ज्यांना तसा निर्णय घेता येत नाही, त्यांच्या मुलांसाठी न्यायालयाचे दार उघडे असलेच पाहिजे. आणि तेथे ताटकळत उभे राहण्यात त्या मुलांचे बालपण सरून जाऊ नये, एवढे पाहणे समाजाचे व शासनाचे कर्तव्य आहे.